एका पानात बसेल तेवढं

मित्रांनो, ज्या प्रिंटरच्या झाकणावर आता इस्त्रीचे कपडे रचून ठेवतात, तो मी. कधीकाळी मी पांढराशुभ्र होतो. आता माझा रंग जुन्या दातांसारखा झाला आहे.

कारखान्यातून निघाल्यावर मी एका दुकानात काचेमागे बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. एके दिवशी एक बाई आल्या. त्यांनी माझे झाकण उघडून पाहिले आणि दुकानदाराला विचारले, "रोज ढीगभर पानं काढली तर हा कुरकुर करेल का?"

"कुरकुर करेल, पण काढेल," दुकानदार म्हणाला. बाई हसल्या आणि मला घरी घेऊन आल्या.

बाई बाहेरच्या खोलीत लहान मुलांची शिकवणी घेत. त्यांची सरावाची गणिते, रिकाम्या जागा, जोड्या लावा, सगळे मी छापत असे. मुले ओल्या शाईवर बोट फिरवत आणि तोच हात नाकाला पुसत. कोणी गैरहजर राहिले की बाई माझ्याकडे बोट दाखवत. "याच्याकडून शिका. हा कधी दांडी मारत नाही." माझा ऊर भरून येई.

मग बाईंच्या पायांतली ताकद गेली, हळूहळू हातांतलीही. शिकवणी बंद पडली आणि त्याच खोलीत त्यांची खाट आली. त्यांचे यजमान शाळेची बस चालवत. त्यांचा दिवस सकाळी लवकर सुरू होई. त्यामुळे सगळे चिमीवर आले. चिमी ही त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा कॉलेजात होती. तिचे तास बुडाले, एक परीक्षा हुकली. मैत्रिणी नोकरीला लागून मोकळ्या झाल्या, तेव्हा कुठे तिच्या हाती पदवी आली.

तिने रिझ्युमे लिहायला घेतला. पहिला तीन पानांचा झाला. त्याला निळी चौकट होती, कोपऱ्यांत फुले होती. मी तो मोठ्या दिमाखाने छापला. त्या दुपारी चिमीची मावशी आली. ती एका कंपनीत नोकरभरतीचे काम पाहत असे. तिने पाने चाळली आणि चष्मा काढला.

"हा रिझ्युमे आहे की लग्नपत्रिका?"

बाई खाटेवर खुदकन हसल्या.

"एक पान पुरे," मावशी म्हणाली. "आम्ही तिसऱ्या पानापर्यंत जात नाही गं. आणि हे काय, मेहनती, प्रामाणिक, जिद्दी? आळशी आणि लबाड असं कोण लिहितं? तू काय केलंस ते लिही. कॉलेजच्या संमेलनाचा हिशेब तू सांभाळलास ना? मग ते कुठाय? ज्या कामासाठी अर्ज, त्याच्या उपयोगाचं वर घे, बाकीचं गाळ." मग तिचे बोट मधल्या रिकाम्या जागेवर थांबले. "आणि या दोन वर्षांत काय?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. त्यांना नाही. आईचं सगळं केलंस ते लिही."

चिमीचा चेहरा उतरला. "आईच्या आजारपणाचं भांडवल करू मी?"

मग खाटेवरून बारीक आवाज आला.

"भांडवल माझं आहे ना? मी म्हणते, वापर."

त्यानंतर बाईच सांगू लागल्या. औषधांच्या वेळा, संपत आलेल्या गोळ्या आधीच आणून ठेवणे, तीन डॉक्टरांचे तीन सल्ले जुळवणे, विमा कंपनीशी न चिडता बोलणे. सांगताना त्यांना धाप लागत होती, पण डोळ्यांत जुनी शिकवणीची चमक आली होती. चिमी खाली मान घालून टाइप करत होती. चालू काम वर्तमानकाळात लिहायचे असते, हे मावशीने सांगितले. म्हणून तिने लिहिले, "आईच्या शुश्रूषेचे संपूर्ण नियोजन करते."

एकच पान निघाले. चिमीने ते आईच्या डोळ्यांसमोर धरले. बाईंनी ते सावकाश वाचले. "नियोजनातला नि पहिला," एवढेच त्या म्हणाल्या. चिमीने वेलांटी सुधारली, मी पुन्हा छापले. दुसरे पान त्यांनी उशाशी ठेवायला लावले.

अर्ज गेले. उत्तरे येईनात. चिमी दर अर्जाला दोन-चार ओळी बदलून पुन्हा पाठवी.

पावसाळा सरता सरता बाई गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका मालवाहतूक कंपनीतून मुलाखतीचे बोलावणे आले. रिझ्युमेची ताजी प्रत आणा, असे त्यांनी कळवले होते. चिमीने संगणक लावला, फाइल उघडली आणि त्या ओळीपाशी थांबली. वडील दारात आले. त्यांनी पडद्यावरचा शब्द वाचला.

"मी करू का बदल?"

"नको, बाबा. मीच करते."

तिने "करते" खोडून "केले" लिहिले. शाई संपत आली होती. माझ्याकडून ती ओळ फिकट उमटली. ती प्रत तशीच घेऊन चिमी गेली.

परत आल्यावर तिने चपला काढल्या नाहीत. दाराशीच खाली बसून ती वडिलांना सांगू लागली. "त्यांच्या हातात जुनाच रिझ्युमे होता, बाबा. अर्जाबरोबर पाठवलेला. मुलाखत घेणाऱ्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं, तुम्ही कामावर आलात तर आईकडे कोण बघणार?"

"मग?"

"मी म्हटलं, त्याची काळजी करू नका. मला रजा लागणार नाही."

वडील तिच्याशेजारी जमिनीवर बसले. तिने त्यांच्या खांद्यावर डोके ठेवले आणि आई गेल्यापासून न रडलेली ती पोर तेव्हा रडली.

नोकरी तिला मिळाली. ती दुसऱ्या शहरात राहते, सुट्टीला येते. कंपनीत तिचा शब्द मानतात, असे वडील शेजाऱ्यांना सांगतात. माझ्याकडे मात्र कोणाचे काही काम उरले नाही. शाई नळीतच वाळली. मागे एकदा वडिलांनी धूळ पुसून बटण दाबून पाहिले. कोरे पान बाहेर आले. त्यांनी ते नीट घडी घालून कपाटात ठेवले.

मित्रांनो, घरात माझ्यासारखा कोणी असेल तर अधूनमधून एखादे पान छापत जा. वापर थांबला की आम्ही आतून सुकतो. आणि शिक्षण संपल्यावर पहिला रिझ्युमे लिहाल, तेव्हा ज्यांनी तुमचा हात धरून अक्षरे गिरवून घेतली, त्यांना तो आधी वाचायला द्या. त्यांना चुका काढू द्या. त्यात उशीर करू नका.