पूर्वजन्मीची घड्याळं

रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत क्लबहाऊससमोर एवढी गर्दी दिसली, की टँकर आला असं समजून मी बादली घेऊनच खाली धावलो.

टँकर नव्हता. दाराला झेंडूची कमान आणि कमानीवर फ्लेक्स होता : 'काळसिद्ध श्री क्षणानंद महाराज. पूर्वजन्मीच्या स्विस घड्याळांचे दर्शन व वितरण. कार्ड स्वीकारले जाईल.'

दारात आप्पा नावाचा शिष्य ताट घेऊन उभा होता. "लोखंड इथं काढा. चाव्या, कडी, मोबाईल. लोखंड म्हणजे शनी. शनी आत आला की काळ बिघडतो."

"बादली?" मी विचारलं.

त्याने टिचकी मारून पाहिली. "प्लॅस्टिकला ग्रह नसतो. चला."

आत महाराज सोसायटीच्या त्या सोफ्यावर बसले होते, ज्यावर कमिटी आम्हाला टेकूही देत नाही. अंगावर रेशमी कफनी, कपाळावर घड्याळाच्या काट्यांसारखं गंध, आणि उजव्या हातात आवळ्याएवढ्या जांभळ्या खड्याची अंगठी. समोर मखमलीवर सात घड्याळं चमकत होती.

"सेकंड हँड म्हणू नका!" महाराज गरजले. "आत्मा एक देह सोडून दुसऱ्या देहात जातो. घड्याळ एक मनगट सोडून दुसऱ्या मनगटावर जातं. हा पुनर्जन्म आहे. म्हणून शोरूमच्या निम्म्या भावात."

त्यातला 'म्हणून' मला समजला नाही, पण पहिल्या तीन रांगांनी माना डोलावल्या.

महाराजांनी एक सोनेरी घड्याळ कपाळाला लावलं आणि डोळे मिटले. "हे जिनिव्हाच्या राजाचं. राजा उदार होता. त्याला वांगं आवडत नसे."

"स्वित्झर्लंडला राजा होता?" मागून निखिलने विचारलं. तो कॉलेजात इतिहास शिकवतो.

"होता. लाजाळू होता. म्हणून इतिहासात आला नाही."

लोक हसले आणि निखिल खाली बसला.

मग चमत्कार झाला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या अरुणावहिनींनी आपलं रोजचं घड्याळ पुढे ठेवलं. महाराजांनी त्यावर हात धरला आणि पुटपुटले, "टिकटिकाय नमः, टकटकाय नमः." सेकंद काटा जागच्या जागी थांबला. सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. महाराजांनी हात काढला आणि काटा पुन्हा चालू लागला.

"बाई, तुमचा काळ माझ्या मुठीत आहे."

वहिनींनी चटकन हात जोडले. मीही थोडा गार पडलो, खोटं कशाला बोलू?

वहिनींचे यजमान श्यामसुंदर तर खुर्चीच्या टोकावर आले होते. बिचाऱ्यांची लेक नंदिनी पुढच्या महिन्यात लग्न करून जाणार होती, आणि व्याह्यांच्या हातात महागडं घड्याळ होतं. "अंकुश," ते मला गेला आठवडाभर सांगत होते, "त्यांनी हात पुढे केला की आधी घड्याळ येतं, मागून माणूस येतो. मंडपात मी काय घालू?" राजाच्या घड्याळाची किंमत एक लाख ऐंशी हजार होती. त्यांनी लग्नासाठी बाजूला काढलेल्या पैशांचं कार्ड आणलं होतं. सोबत रुमालात बांधलेलं वडिलांचं जुनं घड्याळ आणलं होतं. वडील गोदीत टाइमकीपर होते. त्यांच्या मागे ते घड्याळ कपाटात बंद पडून होतं.

"याचं काही मिळेल का, महाराज?"

महाराजांनी ते दोन बोटांत धरलं, जसं मेलेलं झुरळ धरतात. "मृत आहे. पितरांचा काळ यात साचलाय. हे घरात राहिलं तर मुलीचं लग्न अडेल. मी विसर्जन करीन. दक्षिणा घेणार नाही."

अरुणावहिनींचा चेहरा पांढरा पडला. "देऊन टाका हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. श्यामसुंदरांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना ते द्यायचं नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. तरी त्यांनी होकारार्थी मान हलवली.

एवढ्यात दारात आवाज आला. "अंकुश! बादली कुठं नेलीस रे?"

माझी आई दुर्गाबाई. आम्ही मूळचे परभणीकडचे. आई नवी मुंबईत शिरवणे गावामागच्या घड्याळांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसली. कारखाना बंद झाला तेव्हाच ती टेबलावरून उठली.

"मावशी, लोखंड काढा," आप्पा म्हणाला.

"माझ्याजवळ कुठलं लोखंड? रक्तातबी कमी हाय म्हनतो डॉक्टर."

तो हसला आणि ती आत आली. तिच्या बांगड्यांत अडकवलेल्या आठ-दहा सेफ्टी पिना त्याने पाहिल्या नाहीत.

मी बादली पुढे केली, पण आई खाली बसली. महाराजांनी आणखी एका बाईचं घड्याळ थांबवलं, चालू केलं. आईने डोळे बारीक केले. "दारात लोखंड काढाय लावतेत व्हय?" ती माझ्या कानात म्हणाली, आणि उठून थेट सोफ्यापाशी गेली.

"महाराज, म्हातारीच्या हातावर बी हात ठिवा की."

महाराजांनी प्रसन्न होऊन हात पुढे केला. खळ्ळकन आवाज झाला आणि सगळ्या पिना उडी मारून अंगठीला चिकटल्या. आईची बांगडी आणि महाराजांची अंगठी यांची गाठ बसली. महाराज हात ओढत होते, आई हात ओढत होती.

"अगं बाई! सोडा की महाराज, चारचौघांत काय हे!"

पहिली रांग फुटून हसली. महाराजांचं गंध घामाने वितळलं. "ही शक्ती आहे!" ते ओरडले.

"हाय की. लोहचुंबकाची." आईने पिना उपटून काढल्या. "अंकुश, पोह्याचा एक चमचा आन."

मी नाश्त्याच्या टेबलावरून चमचा आणला. आईने तो लांबून दाखवला मात्र, चमचा टक्कन खड्याखाली जाऊन बसला. त्याला चिकटलेले दोन पोहेही महाराजांच्या बोटावर बसले.

"ऐका," आई सगळ्यांकडे वळली. "सेलच्या घड्याळात तांब्याच्या तारंचं बारकं वेटोळं असतं अन् इवलं चुंबक. त्येच्यावर काटा फिरतो. वरून मोठं चुंबक धरलं की बारकं गप बसतं. काढलं की पुन्हा फिरतं. आमी कारखान्यात जेवायच्या सुट्टीत हाच खेळ खेळायचो. आमाला कुनी महाराज म्हनलं नाही."

"पण राजाचं घड्याळ अस्सल आहे, मावशी!" श्यामसुंदर कळवळून म्हणाले. "त्याला सेल लागत नाही. हाताच्या हालचालीवर चालतं. ऑटोमॅटिक आहे."

"मग बघू या."

तिने सोनेरी घड्याळ मखमलीवरच ठेवलं, महाराजांचं मनगट धरलं आणि अंगठी त्यावर आणली. काटा थांबला. अंगठी बाजूला केली, काटा चालू झाला.

"ह्यात बी सेल हाय."

"राजाने नंतर बसवून घेतला असेल," आप्पा पुटपुटला.

"अन् चाल बघा की त्येची. एक सेकंद, एक उडी. हालचालीवर चालनाऱ्या घड्याळाचा काटा असा टुणटुण उड्या मारत नाही, सरकत जातो." मग तिने कमरेच्या पिशवीतून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि एकेक घड्याळ पालथं केलं. "निखिलभाऊ, नंबर लिवून घ्या."

निखिलने पहिला नंबर लिहिला. दुसरा लिहिताना थबकला. तिसऱ्याला त्याने पेन खाली ठेवलं. "मावशी, सगळे एकच आहेत!"

"कंपनी परत्येक घड्याळाला वेगळा नंबर देती. सात घड्याळांला एकच नंबर? राजाला सात हात हुते का?"

आता सगळं सभागृह उठलं. महाराज 'ध्यानाची वेळ झाली' म्हणत दाराकडे सरकले. दारालगत भिंतीवर आग विझवायचं लाल सिलिंडर टांगलेलं होतं. महाराज घाईत त्याला घासून गेले आणि अंगठी ठाण्णकन सिलिंडरला बसली. हात सुटेना, अंगठीही निघेना. पोलीस येईपर्यंत काळसिद्ध महाराज सिलिंडरला हात लावून उभे होते, जणू त्यालाच आशीर्वाद देत होते. पोलीस ठाण्यात त्यांनी कबूल केलं की घड्याळं सहाशे रुपयांना एक अशी आणली होती. ज्या चौघांनी आधीच कार्ड घासलं होतं, त्यांनी लगेच तक्रार लिहून दिली.

या गोंधळात आईने रुमालातलं जुनं घड्याळ अंगठीपासून लांब, खिडकीत नेलं होतं. "ह्याला चावी कधी दिली हुती?" तिने विचारलं.

"चावी असते?" श्यामसुंदर गोंधळले. "लहानपणी हात लावला की बाबा ओरडायचे. मी कधी लावलाच नाही."

आईने बाजूचं बोंड हलक्या हाताने वीसेक वेळा फिरवलं. काटा जरासा थरथरला आणि चालू लागला. तिने घड्याळ श्यामसुंदरांच्या कानाशी धरलं. साठी उलटलेला तो माणूस खिडकीत उभा राहून ऐकत राहिला.

"मेलं नव्हतं, उपाशी हुतं," आई म्हणाली. "तेल वाळलं असंल. चांगल्या कारागिराकडून साफ करून घ्या, तवर रोज चालवू नका. तबकडी मूळची हाय, रंगवू देऊ नका. काचंवर चरे हायेत, ते ऱ्हाऊ द्या."

"पण मावशी," अरुणावहिनी अजून भ्यालेल्या होत्या, "खरंच लग्न अडलं असतं तर?"

"लग्न अडलं तर मानसाच्या वागन्यानं अडंल. घड्याळाला तुमची पोरगी कोन हेबी ठाऊक नाही."

वहिनी हसल्या, पण डोळे पुसत.

संध्याकाळी लिफ्टमध्ये एक गृहस्थ मला म्हणाले, "काही म्हणा, घड्याळ थांबवलं तर होतंच ना!" सकाळी ते पहिल्या रांगेत बसले होते, पिना त्यांच्या नाकासमोर उडाल्या होत्या. मी त्यांना घरी नेलं, फ्रिजवरचं चुंबक दिलं, चमचा दिला आणि म्हटलं, करून बघा. कारण सांगून पटत नसेल तर माणसाच्या हातात वस्तू द्यावी.

तुम्हीही जुनं महाग घड्याळ घ्यायला गेलात तर एवढंच करा. काटा कसा चालतो ते पाहा. घड्याळावरचा नंबर कंपनीच्या कागदावरच्या नंबराशी ताडून पाहा. आधीच्या दुरुस्तीचं बिल मागा. तुमच्या ओळखीच्या कारागिराकडून मागचं झाकण उघडून घ्या. विकणारा झाकण उघडू देत नसेल आणि राजाची गोष्ट सांगत असेल, तर गोष्ट ऐका, हसा आणि घरी या. आणि घड्याळ असो, औषध असो की महाराज, 'का' आणि 'कसं' विचारायला लाजू नका. विचारल्याने कुणाचं लग्न अडत नाही.