मागच्या खिळ्यावरचा बिल्ला

पुढच्या आठवड्यात गिरणी पाडणार होते. त्याआधी एकदा तिथं जायचंच, असा अण्णांनी हेका धरला. कशाला, हे लेकीनं विचारलं नाही. तिला ठाऊक होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी चौदा नंबरच्या मशीनखाली तिचा मामा पुली बदलत होता आणि अण्णांनी, म्हणजे मुख्य फिटरनं, मशीन चालू केलं. मामाचा उजवा हात गेला. मशीनखाली शिरणाऱ्यानं आपला नंबर कोरलेला पितळी बिल्ला मशीनच्या खिळ्याला अडकवायचा, बिल्ला दिसला की बटणाला हात लावायचा नाही, ही तिथली शिस्त. मामा म्हणाला, अडकवला होता. अण्णा म्हणाले, नव्हता. चौकशी व्हायच्या आतच गिरणीला कुलूप लागलं. अण्णांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, त्यामुळे दोन घरांचं बोलणं तुटलं. मधल्यामध्ये भरडली गेली ती अण्णांची बायको. नवऱ्यावर विश्वास ठेवून तिनं सख्ख्या भावाचं तोंड पाहिलं नाही, आणि दोन वर्षांपूर्वी ती गेली.

कामगारांच्या खोल्यांची दारंखिडक्यासुद्धा लोकांनी उपटून नेल्या होत्या. पगाराच्या खिडकीतून झाड बाहेर आलं होतं. अण्णा मात्र स्वतःच्या घरात फिरावं तसे चालत होते. कॅन्टीनच्या पडक्या भिंतीपाशी थांबून त्यांनी तिथल्या चहाला चार शिव्याही घातल्या.

विणकाम खात्याचं अर्धं छप्पर खाली आलं होतं, त्यामुळे तिथं चोरही शिरले नव्हते. चौदा नंबर गंजला होता, पण उभा होता. त्याच्या पुढच्या खिळ्यावर काही नव्हतं. तो रिकामा खिळा अण्णांनी लेकीला दोनदा दाखवला.

"आणि मागं?" लेकीनं विचारलं.

मागं कोण अडकवतो, असं ते फणकारले. पण बटण दाबण्याआधी मशीनभोवती एक फेरी मारायची, हीसुद्धा शिस्तच होती, आणि ती नव्या पोरांना त्यांनीच शिकवली होती. जेमतेम बारा पावलांची फेरी. त्या दिवशी पाळी संपत आली होती, घरी जायची घाई होती.

भिंतीला धरत अण्णा मागं गेले. पुली याच बाजूला होती, मामा इथूनच आत शिरला असणार. खिळ्यावर बिल्ला लटकत होता. त्यांनी अंगठ्यानं हिरवा गंज पुसला. दोनशे सतरा. मामाचाच.

अण्णा तिथल्याच धुळीत बसले. लाज वाटत होती, आणि ती लपवायला आता काही उरलं नव्हतं.

"मी फेरी मारलीच नव्हती," ते म्हणाले. "हे मला तेव्हाही माहीत होतं."

मामाला मी कळवू का, असं लेकीनं विचारलं.

"नको. फोन लाव. मीच बोलतो."

मामानं फोन उचलला. अण्णांनी काहीही न गाळता सगळं सांगितलं: खिळा, बिल्ला, न मारलेली फेरी.

"मला कशाला सांगताय, भावोजी?" मामा म्हणाला. "बिल्ला मीच अडकवला होता. ताईला सांगायचं होतंत."