वाकलेल्या बाबांचे तीन मणके

रांग प्लंबरच्या दुकानापासून थेट कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत गेली होती. आत, पूर्वी जिथे नळाच्या तोट्या असत त्या काचेच्या कपाटात, एक सांगाडा पहुडला होता. पाइपसाठी खणताना तो सापडला. त्याची पाठ पुढे इतकी वाकलेली होती, की प्लंबरने जागच्या जागी जाहीर केलं : हे सत्पुरुष जन्मभर लीन होऊन राहिले, एकशेवीस वर्षं जगले आणि वाकलेलेच गेले. ही सगळी माहिती त्याला मातीतून मिळाली. आठवड्याभरात सांगाड्याचे 'वाकलेले बाबा' झाले आणि प्लंबरचे महाराज. महाराज नळ दुरुस्त करत नाहीत. आमची मोरी तेव्हापासून गळतेय.

चमत्कार असा : आजाऱ्याने बोट जिभेला लावून ओलं करायचं. महाराज त्यावर बाबांच्या बरगडीचा तुकडा टेकवणार. तुकडा बोटाला चिकटून लोंबकळला, तर बाबांनी दुखणं ओढून घेतलं. पडला, तर तुमच्या मनात किंतु आहे.

माझी मावशी अकरा वेळा जाऊन आली होती. तिला पाठीच्या मणक्यांचा क्षय आहे. डॉक्टरांनी वर्षभराच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यातल्या तीन महिन्यांच्या झाल्या होत्या. महाराज म्हणाले, गोळी घेणं म्हणजे बाबांवर अविश्वास. झालं, गोळ्या बंद. महिन्याभरात तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या आणि जिना चढताना कठडा धरावा लागू लागला. आई भांडून भांडून थकली. मावशीचं उत्तर ठरलेलं, तुम्हाला माझं बरं झालेलं बघवत नाही.

शेवटी मीही रांगेत उभी राहिले आणि महाराजांना विचारलं, एकशेवीस वर्षं मोजली कोणी? तुकडा माझ्या बोटावरून टपकन पडला. पोरीत खोट आहे, असं महाराजांनी सांगितलं आणि सगळी रांग हळहळली. मी मात्र खाली बघत होते. तुकडा पडला तिथे फरशीवर ओला डाग उमटला होता.

मग मी दाराशी तासभर बसून पाहिलं. मान डोलावणाऱ्यांना मिळे कापसातला तुकडा. प्रश्न विचारणाऱ्यांना मिळे बाबांच्या स्नानाच्या पाण्याने भरलेल्या वाटीतला.

आमच्या शाळेत एकदा कॉलेजातल्या एक बाई आल्या होत्या. जुन्या काळच्या माणसांना कुठले आजार व्हायचे, ते त्या हाडांवरून ओळखतात. मी त्यांना फोन केला. शुक्रवारी त्या आल्या. मावशीही बाराव्या खेपेला येऊन बाकावर बसली होती. महाराज खूश. त्यांना वाटलं, आता सर्टिफिकेट मिळणार.

बाईंनी बोट ओलं केलं आणि दारातल्या फुटक्या कुंडीची खापरी त्यावर टेकवली. खापरी लोंबकळली.

"म्हणजे कुंडीपण पोचलेली," मागून कोणीतरी म्हणालं.

बाईंनी सांगितलं, की मातीत पडून हाड जुनं झालं की त्याला या खापरीसारखी बारीक बारीक भोकं उरतात. कोरडं असलं तर ते ओलावा शोषतं, म्हणून चिकटतं. आधीच पाणी प्यायलेलं हाड कशाला चिकटेल? खोदकामावर दगड की हाड ते ओळखायला त्या जीभच लावतात. "अठरा वर्षं हाडं चाटतेय," त्या म्हणाल्या, "अजून एकही भक्त नाही."

मी कापसातला तुकडा वाटीत बुडवला आणि मावशीच्या बोटावर टेकवला. पडला. बाबा आज रुसलेत, महाराज म्हणाले.

"पडू दे पडला तर," मावशी मला म्हणाली. "मला इथे आल्यावर बरं वाटतं."

बाईंनी कपाट उघडायला लावलं आणि बाबांचा कणा दाखवला. मधले तीन मणके पुढच्या बाजूने खचून एकमेकांत मिसळले होते. ही लीनता नव्हे, क्षय. दात आणि कमरेची हाडं पाहून त्यांनी वयही सांगितलं, फार तर पस्तीस. मी दप्तरातून मावशीचा एक्स-रे काढला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. तीच जागा. तिथे दोन मणके खचायला लागलेले.

"जगाचं दुखणं बाबांनी स्वतःवर घेतलं होतं," महाराज म्हणाले. माणूस हजरजबाबी, हे मानायला हवं.

मावशीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती कपाटाकडे बघत होती. "याला गोळ्या नाही मिळाल्या?"

"तेव्हा नव्हत्याच," बाई म्हणाल्या. "एवढं वाकल्यावरही हा काही वर्षं जगलाय. म्हणजे घरच्यांनी सांभाळलं असणार. पण बरं करायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं."

मावशी माझा खांदा धरून उठली. "चल. दवाखाना बंद व्हायच्या आत पोचू."

डॉक्टर तिला पोटभर रागावले, सगळ्या तपासण्या नव्याने केल्या आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

रांग अजून आहे, जरा आखूड झालीये. तिथे उभ्या असलेल्यांना माझं एवढंच सांगणं, की बाबांना प्रश्न जरूर विचारा. पण तुम्ही कशाने गेलात, हा विचारा. उत्तर त्यांच्या पाठीवर आहे. ते वाचा आणि डॉक्टरकडे जा.