फुंकायचा हुक्का

"महाराज, तुम्ही स्वतः फुंकलं तर नळी काळी पडते का?"

प्रश्न निशिगंधाने विचारला खरा, पण ती पैज होती तिच्या मैत्रिणींची, अक्षदा आणि संचिताची. 'हिंमत असेल तर भर सभेत विचार.' दहावीतल्या निशिगंधाला गेल्याच महिन्यात वक्तृत्वाची ढाल मिळाली होती. तेव्हापासून चार माणसं जमलेली दिसली की तिला बोलल्याशिवाय राहवायचं नाही.

कोलशेतच्या खाडीकडच्या त्या हॉलमध्ये तर चार नव्हे, तीनशे माणसं बसली होती. व्यासपीठावर पितळी हुक्का. हिमालयातल्या गुहेत सापडलेला, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, असं बाहेरच्या बॅनरवर लिहिलेलं. लोक हुक्का ओढतात, धूम्रनाथ महाराज तो फुंकायला लावत. रोग्याच्या डोक्यावरून काळी चादर घालायची, हातात रबरी नळी द्यायची. त्याने फुंकर मारली की हवा हुक्क्याच्या पोटातल्या पिवळ्या तीर्थातून गुडगुडत जायची आणि दुसऱ्या बाजूच्या चांदीच्या नळीतून बाहेर पडायची. हॉलभर कुजक्या अंड्याचा वास सुटायचा. आणि पांढरीशुभ्र चांदीची नळी बघता बघता पिवळी, मग तांबूस, मग काळीठिक्कर.

"फुंक. व्याधी फुंक, बाधा फुंक, सुनेची कटकट फुंक," महाराज म्हणत राहायचे. मग ती काळी नळी ते समोरच्या पातेल्यातल्या वाफाळत्या पाण्यात सोडत. ना घासणं, ना पुसणं. काळेपणा आपोआप नाहीसा. रोग गेला.

आज तिथे फुंकून उतरली होती ती निशिगंधाची लक्ष्मी मावशी, टिटवाळ्याहून आलेली. तिला टीबी होता. सहा महिन्यांच्या गोळ्यांतले तीनच महिने झाले होते. गोळ्यांनी पोटात आग पडते म्हणायची. पहिल्या गुरुवारी महाराज म्हणाले, "आता गोळी घेशील तर रोग त्याच दाराने परत येईल." त्या दिवसापासून तिने गोळ्या बंद केल्या. आजचा सहावा गुरुवार.

निशिगंधाच्या प्रश्नावर महाराज गोड हसले. "बेटी, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझ्यात रोगच नाही."

"मग फुंकून दाखवा ना."

"कुनाची गो पोर तू?" हॉलचे मालक काळुराम शेठ पहिल्या रांगेतून गुरकावले. "बस खाली."

महाराजांनी हात वर केला. "राहू दे, शेठ. हिच्या पोटात अहंकाराची गाठ आहे. पुढच्या गुरुवारी ये बेटी, सगळ्यांदेखत ओढून काढतो."

आईने दंडाला धरून तिला खाली ओढलं. पण तेवढ्यात निशिगंधाला हुक्क्याच्या पोटावरचा अंगठ्याएवढा पोचा दिसला होता. तो पोचा तिच्या ओळखीचा होता. दिवाळीच्या सुट्टीत चिंच लावून लावून तिनेच त्याच्या कडा घासल्या होत्या.

कोलशेत रोडवरच्या गाळ्यात तिचे पप्पा, महिपत, मोटरवर समई धरून बसले होते. तांबं-पितळ-चांदी पॉलिश करणं हा त्यांचा धंदा. नखांत कायम पॉलिशची काळी लुकण.

"पप्पा, कल्याणच्या भंगारातून आलेला हुक्का आठवतो? हॉटेलात शोपीस ठेवायचाय म्हणून एक माणूस घेऊन गेलेला?"

त्यांनी मोटर बंद केली. "मान अरुंद होती. आतून ठोकता येईना, म्हणून पोचा राहिला."

"तो हिमालयातून आलाय म्हणे."

पप्पांनी समई फडक्याने पुसायला घेतली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझ्या आईने फोटो दाखवला तेव्हा कळलं."

"आणि ते पातेलं? काळेपणा न घासता जातो तो?"

"ते मीच सांगितलं त्या माणसाला," पप्पा हातातल्या समईशीच बोलल्यासारखं म्हणाले. "नळीवरचा चांदीचा मुलामा कागदासारखा पातळ. घासला तर खालचं पितळ दिसायला लागेल. म्हटलं, जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं घ्या, त्यात कढत पाणी, मीठ, खायचा सोडा. नळी पातेल्याला टेकवून ठेवा. काळपट थर आपोआप सुटतो. गिऱ्हाइकाला एवढं सांगतोच मी."

"मग मावशीला का नाही सांगितलं?"

"मी फक्त पॉलिश केलं, निशू. पुढे कोण त्याचं काय करतो..." त्यांनी गाळ्याच्या छताकडे पाहिलं. "हा गाळा काळुराम शेठचा आहे. बावीस वर्षं बसलोय इथे."

त्या रात्री ती पहिल्यांदाच पप्पांशी न बोलता जेवली.

काळेपणा जायचा कसा ते कळलं. पण तो यायचा कसा? दुसऱ्या दिवशी तिने विज्ञानाच्या क्षिप्रा मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी एकच विचारलं, "वास कसला येतो?"

"कुजक्या अंड्यांचा."

मॅडमनी प्रयोगशाळेच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. गंधक आणि चुना एकत्र उकळून केलेलं पिवळं पाणी त्यांनी बाटलीत घेतलं. हे पाणी बागायतदार झाडांवर फवारतात. "आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. तो यात गेला की गंधकाचा घाण वासाचा वायू सुटतो आणि त्या वायूने चांदी काळी पडते. फुंकणारा पैलवान असो की मरायला टेकलेला. चांदीला काय कळतंय?"

"पण मॅडम, मी फुंकून दाखवलं तर म्हणतील, पोरीच्या पोटात गाठ होतीच."

"मग असं काहीतरी शोध, ज्याला पोटच नाही."

निशिगंधा विचार करत कॅन्टीनपर्यंत गेली आणि कोल्ड्रिंकची बाटली घेऊन परत आली.

मधल्या दिवसांत ती टिटवाळ्याला जाऊन मावशीच्या पाया पडली, गोळ्या घे म्हणून. मावशी खोकत खोकत म्हणाली, "बाळ, तुझं वय बोलतंय."

गुरुवारी क्षिप्रा मॅडम शेवटच्या रांगेत बसल्या. महाराजांनी निशिगंधाच्या डोक्यावरून चादर घातली. "फुंक बेटी. अहंकार फुंक, उद्धटपणा फुंक." हुक्का गुडगुडला. वास सुटला. नळी पिवळी झाली, तांबूस झाली, काळी झाली. तीनशे तोंडांतून एकच सुस्कारा निघाला.

"पाहा," महाराज उभे राहिले. "एवढा काळा अहंकार मी आजवर पाहिला नाही. हिच्या सात पिढ्यांचा मळ आहे हा."

निशिगंधाने चादर बाजूला सारली. रबरी नळीचं दुसरं टोक तिच्या तोंडात नव्हतंच. ते मांडीवरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीवर बसवलं होतं.

"मी एकदाही फुंकलं नाही. सगळा गॅस हिचा. हिला कुठल्या सात पिढ्या, महाराज?"

मागून कुणीतरी म्हणालं, "डायबिटीस असंल बाटलीला," आणि थोडे लोक हसले. थोडेच. निशिगंधाने पिशवीतून आईचे काळे पडलेले पैंजण काढले आणि पातेल्यात सोडले. सगळ्यांनी माना उंचावल्या. पैंजण उजळून बाहेर आले. तिने भराभर सांगितलं: पिवळं पाणी काय, जर्मनचं पातेलं काय, सोडा काय. फक्त एक गोष्ट ती बोलली नाही. हुक्का कुणी उजळला ते.

तिला वाटलं होतं, टाळ्या पडतील. कुणी टाळी वाजवली नाही. लोक चपला शोधत, एकमेकांकडे न बघता निघून गेले. एक म्हातारी जाता जाता म्हणाली, "तरी माझा दमा बसला होता गं. तेवढंही ठेवलं नाहीस." महाराज मागच्या दाराने गाडीत बसले. हुक्का घेऊन.

बारा दिवसांनी मावशीला रक्ताची उलटी झाली.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेतलं. "गोळ्या अर्ध्यात सोडल्या की उरलेले जंतू निर्ढावतात. आता नेहमीचं औषध चालत नाहीये. एक फुप्फुस जवळपास गेलंय. दुसऱ्यासाठी प्रयत्न करतोय." मास्क लावून निशिगंधा खाटेशी गेली. मावशीचा हात काडीसारखा झाला होता.

"निशू, त्या दिवशी माझी नळी किती काळी झाली होती गं?"

"बाटलीची झाली तेवढीच, मावशी."

मावशीने डोळे मिटले. कडेने पाणी कानापर्यंत गेलं.

रुग्णालयाच्या गेटबाहेर, भिंतीवर, ताजं बॅनर लागलेलं होतं. धूम्रनाथ महाराज, आता माजिवड्याला. तोच हुक्का, तोच पोचा. फक्त आता तो पाचशे वर्षांचा झाला होता.

आई बॅनरकडे बघत उभी राहिली. पप्पांनी मान खाली घातली.

"क्षिप्रा मॅडमनी चौकशी केली आहे," निशिगंधा म्हणाली. आवाज वक्तृत्वातला नव्हता, हळू होता. "जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. पण हुक्का गुहेतला नाही, भंगारातला आहे, हे सांगणारं कुणीतरी हवं. आई, मी देवाला नावं ठेवत नाहीये. मी एवढंच म्हणतेय, की माणसावर चालणारा चमत्कार जर बाटलीवरही चालत असेल, तर तो चमत्कार नाही. आणि हे विचारायला ढाल लागत नाही. असे प्रश्न विचारायला मावशीला कुणी शिकवलंच नाही, आणि ज्याला माहीत होतं तो गप्प बसला."

"शेठ गाळा काढून घेईल," पप्पा म्हणाले.

"घेईल."

"माझं नाव येईल."

"माझंही येईल. पोच्याच्या कडा मी घासल्यात." तिने दप्तराचा पट्टा खांद्यावर ओढला. "उद्या शाळेत जाणार नाही मी. सकाळी दहाला पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जाणार आहे. पप्पा, तुम्ही आलात तर तुमच्याबरोबर. नाहीतर मॅडमबरोबर. पण जाणार."