मापाला उभा माणूस

आमच्या घरात कुणी मोठी थाप मारली की बाकीचे एका सुरात ओरडतात, "हो हो, आत्याचे आजोबा!" कारण मोठ्या आत्याचं म्हणणं असं, की या शहराचे जितके म्हणून जुने फोटो आहेत त्या सगळ्यांत तिचे आजोबा आहेत. गोदी बांधली तिथे आहेत, पूल बांधला तिथे आहेत, कोर्टाच्या पायऱ्यांवर तर आहेतच. माझा दादा तिला विचारतो, "आत्या, चंद्रावरच्या फोटोत कुठल्या बाजूला उभे आहेत गं?" आत्या हसत नाही. "बघशील एक दिवस," म्हणते आणि त्याच्या ताटातली पोळी उचलून माझ्या ताटात टाकते.

खरं तर ते माझे आणि दादाचे पणजोबा. पण तसं कुणी म्हणत नाही, जणू ते एकट्या आत्याच्याच वाट्याला आलेत. घरात त्यांचा एकही फोटो नाही. आत्यानेही त्यांना पाहिलेलं नाही, तिच्या जन्माआधीच ते गेले. तिला ठाऊक आहे ते सगळं तिच्या वडिलांनी सांगितलेलं. आजोबांचा डावा हात खाणीत कोपरापासून गेला. ओझं उचलता येईना, तेव्हा सरकारसाठी फोटो काढणाऱ्या गोऱ्या साहेबाने त्यांना ठेवून घेतलं. काम काय, तर उभं राहायचं. नव्या भिंतीशेजारी, नव्या कमानीखाली, म्हणजे भिंत किती उंच ते बघणाऱ्याला कळावं. लोक त्यांना 'खांब' म्हणायचे. रिकामी बाही लोंबू नये म्हणून पणजीने ती वर दुमडून खांद्याशी कोटाचं मोठं बटण लावून दिलं होतं.

हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. पण यंदा आत्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आहे ती नजर फार दिवसांची नाही. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. आजोबा सापडायचे तर आत्ताच, नाहीतर सापडून उपयोग काय?

आणि शोधायला माझ्याइतकी सोयीची जागा कुणाची नव्हती. मी शहराच्या संग्रहालयात काचा सांभाळते. पूर्वी फोटो काचेवर निघायचा. एका बाजूला नुसती चकचकीत काच, दुसऱ्या बाजूला चित्राचा, न चकाकणारा लेप. त्या काचा यंत्रावर ठेवून मी त्यांचे मोठे फोटो पडद्यावर आणते. वाढत्या शहराचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि आमच्या बाईंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते.

त्या फोटोंतले रस्ते ओस दिसतात. ते ओस नव्हतेच! कॅमेऱ्याच्या तोंडावरचं झाकण काढून साहेब थांबायचा आणि तेवढ्यात जो हलला तो पुसला जायचा. गाड्या, हमाल, भाजीवाल्या, भांडणं, सगळं गायब. न हलणारा तेवढा उरायचा. मला याचा नेहमी राग येतो. अख्खं शहर राबतंय आणि फोटोत नुसती दगडी इमारत, साहेबासारखी ताठ.

अशीच एक गोदीच्या भिंतीच्या काचांची पेटी मागच्या खोलीतून आली. पहिलीच काच यंत्रावर ठेवली, चित्र मोठं करत गेले आणि हातातला चहा टेबलावर सांडला. भिंतीशी एक माणूस उभा होता. एक बाही रिकामी. वर दुमडलेली. खांद्याशी हे एवढं बटण!

मी किंचाळले. बाई धावत आल्या, त्यांना वाटलं काच फुटली.

कागदावर फोटो काढून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत तडक घर गाठलं. दादाही घरीच होता. आत्याने भिंग घेतलं, खिडकीशी बसली. तिचा पाय नेहमीसारखा हलत होता. आमच्या घराण्याचा तो रोगच आहे. तिचे वडील जेवतानाही पाय हलवायचे म्हणे. हळूहळू तिचा पाय थांबला आणि चेहरा उतरला.

"बटण बरोबर आहे," ती म्हणाली. "हात चुकलाय."

"म्हणजे?"

"याचा उजवा गेलाय. माझ्या आजोबांचा डावा गेला होता. उजव्या हाताचं बोट धरून बाबा चालायला शिकले."

दादा हात जोडून म्हणाला, "आत्या, डावा काय, उजवा काय! हो म्हण आणि मोकळी हो. आम्ही हरलो, बस? यापुढे चिडवणार नाही."

आत्याने फोटो उलटा करून मांडीवर ठेवला. "दुसऱ्याच्या आजोबांना माझे म्हणू? यालाही कुणी नात असेल ना रे."

दादाने जोडलेले हात खाली घेतले. मला मात्र रडू येत होतं आणि आत्याचा रागही येत होता. इतकं खरं वागायची काय गरज असते माणसाला?

परत आले तर बाईंनी नेमका तोच फोटो दर्शनी भिंतीसाठी निवडला होता. खाली ओळ ठरली होती: 'मापासाठी माणूस. नाव माहीत नाही.' छपाईवाला फाईलची वाट बघत होता. "त्याच्या हाताशी धुरकट डाग आहे, तेवढा साफ कर आणि पाठव," बाई म्हणाल्या.

मी तोंड पाडून बसले. डाग पुसायला चित्र मोठं केलं आणि त्या माणसाच्या कोटाकडे बघत राहिले. काहीतरी खटकत होतं. कोटाची उजवी बाजू डावीवर आली होती. मी खाली माझ्या शर्टाकडे बघितलं. तशीच! बायकांच्या कपड्यांना असते तशी पट्टी! हा बाप्या बायकोचा कोट घालून गोदीवर उभा राहिला होता की काय?

मी उठले ती पळतच मागच्या खोलीत. हातमोजे घालून काच उजेडात तिरपी धरली. लेबलाची बाजू वर ठेवायची हा आमच्याकडचा नियम, कारण लेबल नेहमी नुसत्या काचेवर चिकटवतात. या पेटीत कुणा बहाद्दराने लेबलं लेपावरच चिकटवली होती. सगळी पेटी आम्ही उलटी बघत होतो! दुकानांच्या पाट्या असत्या तर उलटी अक्षरं बघून कुणीही बोंब मारली असती. पण इथे होता दगड, पाणी आणि आकाश. दगडाला कसली डावी-उजवी!

"बाई, छपाई थांबवा!" मी जिन्यातूनच ओरडले.

बाई आधी तडकल्या. मग काच बघितली, कपाळाला हात लावला आणि स्वतः छपाईवाल्याला फोन केला. "आता जा," मला म्हणाल्या, "घेऊन ये त्यांना. कागदावर नको, मोठ्या पडद्यावरच दाखव."

दादा आत्याला गाडीतून घेऊन आला. मी चित्र सरळ करून ठेवलं होतं. आत्या पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिचा श्वास काचेवर उमटला. डावी बाही रिकामी. कोटाचं बटण खांद्याशी. ताठ मान, आणि डोळ्यांत जरासं हसू, कुणीतरी दटावल्यावर दाबलेलं.

"आले," आत्या म्हणाली. "आले बघ." मग तिने बोट टेकवलं. "आणि हे काय, धुरासारखं?"

"डाग आहे गं. तो पुसायचाय."

"मोठा कर."

मी मोठा केला. पणजोबांच्या उजव्या मुठीत काहीतरी होतं. आणखी मोठं केलं. छोटी छोटी बोटं. मुठीत घट्ट धरलेली, म्हणून तेवढीच स्पष्ट आलेली. त्यापुढे गुडघ्याच्या उंचीचा एक पांढुरका लोळ, जो क्षणभरही स्वस्थ उभा राहिला नव्हता.

"बाबा," आत्या म्हणाली आणि तोंडावर पदर दाबून हसायला लागली. हसता हसता रडली. दादाने तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. आणि मी तो डाग पुसायला निघाले होते!

बाईंनी हळूच विचारलं, "खाली काय लिहू? 'मापासाठी' काढून टाकू का?"

"नको, काढू नका," आत्या म्हणाली. "काम होतं ते त्यांचं, चांगलं केलं त्यांनी. लोक त्यांना खांब म्हणायचे, ते लिहा. आणि पुढे लिहा, सोबत मुलगा."

प्रदर्शनाच्या दिवशी दादा ओळखीच्या-अनोळखी लोकांना धरून धरून फोटोसमोर आणत होता. "आत्याचे आजोबा!" त्याचा आवाज साऱ्या दालनात घुमत होता. मी आत्याला फोटोशेजारी उभं केलं आणि मोबाईल काढला. दालनात उजेड बेताचाच होता. "आत्या, आता हलू नकोस हं."

ती ताठ उभी राहिली. पण कुणीतरी काहीतरी विचारलं, आणि ती सांगायला वळलीच.

फोटोत मागे आजोबा लख्ख आलेत. त्यांच्याशेजारी, त्यांच्या उजव्या हाताला, आत्याचा नुसता पांढुरका लोळ.

"हलली गं, परत काढ," दादा म्हणाला.

"नको," मी म्हटलं. "असाच राहू दे."