भार टेकेपर्यंत

“बाबा, आधी गॅस बंद करा!” ओल्या केसांनिशी लेक बाथरूममधून धावत आली.

“अंडी अजून ओली आहेत,” म्हातारा म्हणाला आणि उलथनं फिरवत राहिला.

उभा जन्म त्याने गोदीत क्रेन चालवली. भलीभली ओझी अंड्यासारखी अलगद उतरवली, आणि आज खुद्द अंड्यांनीच त्याला घाम फोडला होता. लकव्याने डावा हात गेला तेव्हापासून लेकीने त्याला स्वयंपाकघराबाहेर काढलं होतं. उद्यापासून तर त्याला सांभाळायला बाई येणार होती, भरवायलासुद्धा. ते ऐकल्यापासून त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता. सुंभ जळाला तरी पीळ कुठे जातो?

लेक नर्स. सकाळच्या पाळीला रोज उपाशीपोटी पळायची आणि दुपारी पित्ताने डोकं धरून परतायची. म्हणून आज तो तिच्याआधी उठला. ताटली सरकू नये म्हणून तिच्याखाली ओलं फडकं घातलं, तिच्यात टोमॅटो चिरला. पालक नुसताच हाताने तोडला.

“भाजलं म्हणजे काय करू मी?”

“भाजलं तर माझा हात भाजेल. तुझ्या त्या बाईचा नाही.”

“उद्या ती येणारच आहे ना? मग कशाला हा हट्ट?”

“मी मेल्यावर ये म्हणावं तिला.”

त्याने गॅस बंद करून तवा उचलला. तवा हेलकावे खाऊ लागला, तशी ती धरायला पुढे झाली.

“हात मागे!” तो गरजला. “भार लटकत असताना कुणी मध्ये यायचं नाही. टेकला की ये.”

ती जागच्या जागी थांबली. तवा ताटलीवर कलला. थोडं अंडं टेबलावर सांडलं, बाकीचं पावाशेजारी पडलं.

“टेकला. आता बस. खा.”

तिने घड्याळाकडे पाहिलं आणि तरीही बसली. तिसऱ्याच घासाला दाताखाली कट् झालं. टरफल! तिने ते गुपचूप रुमालात दडवलं. पण क्रेनच्या उंचीवरून खालच्या माणसाच्या बोटांची खूण ओळखणारे डोळे ते, त्यांना चुकवणार कोण?

“टरफल ना?”

“एवढंसं आहे हो, बाबा.”

“दाखव.”

तिने तुकडा टेबलावर ठेवला. म्हाताऱ्याला फार लाज वाटली. त्याने तो निरखून पाहिला, मग नखाने कडेला सारला.

“उद्या नसेल,” तो म्हणाला.