थंडोबा मास्तरांच्या बायकोची साक्ष

गाडी चालवायला शिकवणाऱ्या माणसाचं डोकं थंड लागतं. मास्तरांचं इतकं थंड होतं की शिकाऊ मंडळी त्यांना आधी पाठीमागे आणि मग तोंडावरच थंडोबा म्हणू लागली. समोरून बस येताना एखादीने घाबरून स्टिअरिंग सोडलं आणि डोळ्यांवर हात घेतले, तरी मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबून विचारत, "डोळे उघडू या का आता?" घरीही तसेच. बायको तावातावाने भांडायला लागली की हे शेंगा सोलत बसायचे, आणि तिचं संपलं की म्हणायचे, "पाणी आणू?" तिचा अर्धा राग त्या पाण्यावरच जायचा.

एका सकाळी त्यांची गाडी सिग्नलला उभी होती. स्टिअरिंगवर कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाई होत्या. मागून माल भरलेला ट्रक आला तो थांबलाच नाही, ड्रायव्हरचा डोळा लागला होता. बाईंच्या कपाळाला खोक पडली, तेवढ्यावर निभावलं. मास्तरांची बाजू मात्र विजेच्या खांबावर जाऊन चेपली. गळ्याजवळचं हाड मोडलं, बरगड्यांना तडे गेले, मानेला असा हिसका बसला की कित्येक आठवडे पट्टा लावून बसावं लागलं. डोकंही काचेवर आपटलं होतं, पण तिथे नुसतं टेंगूळ होतं, म्हणून त्याच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही.

हाडं जुळली. पट्टा निघाला. भेटायला येणारे म्हणायचे, "वाचलात हो, पुनर्जन्मच!" बायको मान डोलवायची आणि चहा टाकायला आत जायची. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या नाकावर चष्मा तिरका बसलाय हे तिला दुकानाच्या दारातूनच दिसायचं. पण घरात काहीतरी तिरकं बसलंय हे तिला दिसूनही बरेच दिवस ती न दिसल्यासारखं करत राहिली.

मास्तरांना बसवेना. ताट हातात घेऊन ते दोन खोल्यांतून येरझाऱ्या घालत जेवायचे. वाटीवर चमचा आपटला तरी दचकायचे, दचकले की चिडायचे. मिक्सर लावला की कान दाबून जिना उतरायचे आणि रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. "गॅस बंद केलास का?" हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं तरी ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी "हो, केला" म्हणायची. तिला स्वतःच्या घरात चवड्यांवर चालायची सवय लागली.

ते कामावर परत गेले तेव्हा तिला वाटलं, आता घडी बसेल. आठवडाभरात एका मुलाने गिअर टाकताना खरकन आवाज केला. मास्तर त्याच्या अंगावर असे ओरडले की तो रडकुंडीला आला. मग भर चौकात दार उघडून ते उतरले, दार तसंच उघडं टाकून चालत घरी आले. संध्याकाळी ड्रायव्हिंग स्कूलचे मालक आले. "मास्तर, जरा विश्रांती घ्या," म्हणाले. विश्रांती किती दिवसांची, ते बोलले नाहीत आणि कुणी विचारलंही नाही.

हे सगळं एक वेळ तिने कुणाला सांगितलंही असतं. सांगण्यासारखं नव्हतं ते लेकीचं. लेकीला घरात ठकी म्हणत, कॉलेजात जायला लागली तरी नाव तेच. कसल्याशा स्पर्धेचं भाषण ती मोठ्याने पाठ करत होती. "गप्प बस," मास्तर म्हणाले. तिचं वाक्य अर्धं होतं, ते तिने पुरं केलं. त्यांनी तिला ढकललं. कपाटाचा कोपरा तिच्या तोंडावर लागला, ओठ फाटला. आई धावत आली तोवर मास्तर बाहेर निघून गेले होते. थोड्या वेळाने परत आले आणि लेकीजवळ बसून कळवळून म्हणाले, "अगं, ओठाला काय झालं? कुठे पडलीस?"

ठकीने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "पडली. जिन्यात."

त्या दिवसापासून ठकी कॉलेज सुटलं की मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची आणि जेवायच्या वेळेलाच घरी यायची. तिने आईला कधी जाब विचारला नाही. आईला तेच जास्त लागायचं.

ट्रकवाल्या कंपनीची चूक होती, याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो नुकसान किती झालं याचा. विमा कंपनीने कळवलं होतं की हाडं जुळली आहेत, डोक्याच्या फोटोत काही आढळलेलं नाही, तेव्हा हाडांपुरती भरपाई घ्या आणि प्रकरण मिटवा. दोघं वकिलाकडे गेली. वकीलबाई सडसडीत होत्या आणि ऐकून घेताना पेन खाली ठेवायच्या.

"घरी कसे असतात हे?" त्यांनी बायकोला विचारलं.

"ठीक असतात."

वकीलबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. एवढ्या वेळात ते तीन खुर्च्या बदलून झाले होते आणि आता खिडकीची कडी चालते की नाही ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंचा दुकानात फोन आला. "काल तुम्ही जे बोलला नाहीत त्यासाठी फोन केलाय," त्या म्हणाल्या. एक गिऱ्हाईक आरशात तोंड वाकडंतिकडं करून फ्रेम बघत होतं. त्याला तसंच सोडून ती आतल्या खोलीत गेली आणि काचांच्या खोक्यांमध्ये उभी राहून तिने सगळं सांगितलं. ओठाचं सोडून.

मग मास्तरांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आकडे लक्षात ठेवायला सांगितले, चित्रं जुळवायला दिली. मास्तर मध्येच उठून गेले, त्यांना परत आणावं लागलं. असा मार नेहमी फोटोत दिसतोच असं नाही, डॉक्टर म्हणाले. माणूस बदललाय हे त्याच्याबरोबर राहणाऱ्यालाच नीट सांगता येतं.

"म्हणजे तुम्हाला," वकीलबाई म्हणाल्या. "कोर्टात."

"त्यांच्यासमोर?"

"दावा त्यांचाच आहे. ते असणारच."

नणंदेला हे कळलं तेव्हा ती तणतणत आली. "वहिनी, माझ्या भावाला चारचौघांत वेडा ठरवणार तू? आणि त्याचे पैसे घेणार?" बायकोला खूप काही बोलायचं होतं, पण मास्तर पलीकडच्या खोलीत फिरत होते. ती एवढंच म्हणाली, "वन्सं, चहा घ्या." नणंदेने घेतला नाही.

मास्तरांचं म्हणणं सरळ होतं. "मला काही झालेलं नाही. मान दुखते, बस. आण तो कागद, सही करतो आणि विषय मिटवतो." त्यांनी विमा कंपनीचा कागद टेबलावर पसरला. पेन चालेना तसं ते झटकून झटकून शाई भिंतीवर उडवली.

"थांबा हो," ती म्हणाली.

"का?"

आता सांगावं, असं तिला वाटलं. त्यांचा चेहरा बघितला आणि ती म्हणाली, "मानेचं अजून एकदा दाखवू या ना. उगाच घाई कशाला?" कागद तिने घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवला. आपण आता त्यांनाही फसवतो आणि ओठाचं लपवून कोर्टालाही फसवू, मग खरं बोलायचं तरी कुणाशी, या विचाराने दिवसभर तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. दुकानात तिने एका आजोबांना दुसऱ्याचाच चष्मा दिला, आणि ते "वा, छान दिसतंय" म्हणत घेऊनही गेले. त्यांना गाठायला तिला रस्त्यावर धावावं लागलं.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. मास्तर मागच्या भिंतीलगत फेऱ्या मारत होते. शिपायाने त्यांना बसायला सांगितलं की ते टेकायचे, त्याची पाठ वळली की उठायचे. ठकी शेवटच्या बाकावर मांडीवर दप्तर घेऊन बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून आली होती.

"अपघातानंतर घरात काय बदललं?" वकीलबाईंनी विचारलं.

"तसं फार काही..." तोंडाला सवय होती, ते आपणहून चालू झालं. ती थांबली. लेकीकडे बघितलं. ठकी खाली मान घालून दप्तराची चेन उघडत होती, लावत होती, उघडत होती. तिलाही आता बसवत नाही, आईच्या मनात आलं.

"सगळं बदललं," ती म्हणाली.

मग ती बोलत गेली. येरझाऱ्या, मिक्सर, भर चौकात उघडं राहिलेलं गाडीचं दार. न्यायाधीश लिहून घेत होते. ओठाचं तिने सगळ्यात शेवटी सांगितलं, आणि जिन्यात पडल्याचं खोटंही.

"हे खोटं आहे!" मास्तर मागून ओरडले. "मी? माझ्या पोरीला?"

"खाली बसा," न्यायाधीश म्हणाले.

मास्तरांनी ऐकलंच नाही. ते शेवटच्या बाकाकडे वळले. "ठकी, मी ढकललं तुला?"

शिपाई पुढे झाला, न्यायाधीशांनी त्याला हातानेच थांबवलं. ठकी उभी राहिली. कोर्टात उभं राहून बोलायचं असतं, हे तिला कुठून तरी माहीत होतं.

"हो, बाबा."

मास्तर बसले. शिपायाने न सांगता बसले, आणि कामकाज संपेपर्यंत उठले नाहीत.

विमा कंपनीचे वकील गोड बोलणारे होते. "बाई, एवढं सगळं झालं आणि तुम्ही इतके दिवस कुणालाच सांगितलं नाहीत. भरपाईच्या वेळीच बरं आठवलं?"

"आठवायला विसरले कुठे होते?" ती म्हणाली. आता तिला थांबवत नव्हतं. "आमच्या घरातलं होतं ते. तुम्ही सांगाल का तुमच्या घरातलं, इथे उभं राहून?"

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, आणि आणखी काही विचारायचं नाही म्हणाले.

बाहेर आल्यावर मास्तर बसस्टॉपकडे न वळता सरळ चालत सुटले. मायलेकी मागून जवळजवळ पळत होत्या. आता स्फोट होणार, म्हणून आई मनाची तयारी करत होती. दुकानं मागे पडली, शाळेची लांबलचक भिंत आली, तेव्हा ते पाय न थांबवता म्हणाले, "आणखी काय काय आहे जे मला माहीत नाही?"

तिने चालता चालता सांगितलं. धाप लागत होती, शब्द तुटत होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"चिडला असतात."

"चिडलोच असतो." थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, "मला वाटायचं, बाप घरी बसलाय याची हिला लाज वाटते. म्हणून येत नाही घरी."

"बाबा, काहीही काय!" ठकी मागून म्हणाली आणि तिथेच रस्त्यात रडायला लागली. मास्तर तेव्हा थांबले. जवळ जावं की नको, हे त्यांना कळत नव्हतं. हात पुढे केला, मागे घेतला. शेवटी ठकीच दोन पावलं पुढे आली.

निकाल यायला बरेच महिने गेले. डोक्याचा मार न्यायाधीशांनी मान्य केला. मागितलं होतं त्यापेक्षा कमी मिळालं, पण उपचारांचा आणि बुडालेल्या कमाईचा विचार त्यात होता. "अपील करू या का?" वकीलबाईंनी विचारलं, तेव्हा दोघं एकदमच "नको" म्हणाली, आणि त्या हसल्या. शिकवणं मात्र सुटलं ते सुटलंच. स्कूलच्या गाड्या सकाळी एकट्याने तपासून, पुसून ठेवायचं काम मालकांनी दिलं, ते मास्तरांना जमलं. नणंद पुष्कळ दिवस बोलत नव्हती. मग एकदा भाऊ तिच्याच घरी तिच्या कुत्र्यावर खेकसला, तेव्हापासून वहिनीला फोन करायला लागली.

उपचार करणाऱ्या बाईंकडे मास्तर पहिल्या खेपेला अर्ध्यातून उठून आले. दुसऱ्या खेपेला बसले. राग येतो तो आधी कुठे येतो ते ओळखायला त्या शिकवत. मास्तरांचा म्हणे कानांच्या मागे येतो. तिथे गरम वाटलं की "मी बाहेर जातोय" म्हणायचं आणि निघायचं, कुणी अडवायचं नाही. कधी जमतं. कधी आधी कप फुटतो आणि मग ते बाहेर जातात.

एका रविवारी मायलेकींचं जोरात वाजलं. निमित्त कसलं तर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या कुणी करायच्या. आवाज चढले. मास्तर कान चोळत उठले. "मी बाहेर जातोय."

"थांबा, मी पण येते," ठकी चप्पल शोधत म्हणाली.

"तू बडबडशील."

"एक शब्द बोलणार नाही."

"तू?"

दोघं जिना उतरली. आईने खिडकीतून पाहिलं, तर कोपरा यायच्या आतच ठकीचे हातवारे सुरू झाले होते. मास्तरांनी तिच्या बाजूचा कान तळहाताने झाकला, पण चाल वाढवली नाही. वळणावर दोघं दिसेनाशी झाली, तरी ती खिडकीतच उभी राहिली, पलंगावर कपड्यांचा ढीग तसाच पडलेला. ती दोघं सुखरूप परत येईपर्यंत तिला आजही कशात हात घालवत नाही, आणि हे तिने अजून कुणालाच सांगितलेलं नाही.